पीजचा एक किलोवॉट

गुजरातमध्ये नडियादच्या जवळ पीज नावाचं गाव आहे. १९७५ साली या गावात टेलिव्हिजनचा ट्रान्समीटर उभा राहिला. त्याची शक्ती १ किलोवॉट, म्हणजे साधारण घरातल्या इस्त्रीएवढी. मुंबईत टीव्ही येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुण्याला सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमधून मुंबईचंच चित्र मिळत होतं. देशातल्या बहुतेक शहरांनी टीव्ही पाहिलेला नव्हता. अशा काळात खेडा जिल्ह्यातल्या सुमारे ४०० गावांना गुजरातीतून, त्यांच्याच शेतीबद्दल, दुधाबद्दल आणि भांडणांबद्दल बोलणारं एक केंद्र मिळालं. ते दहा वर्षं चाललं. १९८५ मध्ये ट्रान्समीटर उतरवून मद्रासला नेला गेला.

माध्यमांचा इतिहास, विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास किंवा ग्रामविकास यांपैकी काहीही संशोधनासाठी घेणार असाल, तर 'खेडा प्रकल्प' हे नाव कुठे ना कुठे भेटतंच. बहुतेक पुस्तकांत ते एका परिच्छेदात उरकलेलं असतं: इस्रोने केलेला यशस्वी प्रयोग, युनेस्कोचा पुरस्कार, पुढचा विषय. मला त्यात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. 'लो पॉवर' आणि 'लोकल' हे दोन शब्द आपण इतक्या सहज एकमेकांच्या जागी वापरतो की, त्यामुळे भारतीय टीव्हीच्या इतिहासातला एक मोठा बदल डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

आधी थोडं भौतिकशास्त्र. टीव्हीचे तेव्हाचे व्हीएचएफ सिग्नल साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरावर क्षितिज आडवं येतं. वातावरणात लहरी थोड्या वाकतात हे धरून एक सोपं सूत्र वापरतात: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. पाठवणारा आणि घेणारा, दोघांसाठी हे वेगवेगळं काढून बेरीज करायची. समजा मनोरा ५० मीटर आणि घरावरची अँटेना १० मीटर उंच आहे, तर अंतर सुमारे ४२ किलोमीटर येतं. मनोरा १०० मीटर केला तर ५४. या सूत्रात वॉट कुठेच नाहीत. शक्ती दहापट वाढवली तर मोकळ्या अवकाशात तेवढाच जोरदार सिग्नल सव्वातीन पट अंतरापर्यंत जाईल, पण क्षितिजापलीकडे तो फायदा झपाट्याने संपतो. म्हणून सपाट प्रदेशात १ किलोवॉटही चांगलं काम करतो. खेड्याचा चरोतर भाग असाच सपाट, दाट वस्तीचा आणि सुपीक आहे. तोच ट्रान्समीटर सह्याद्रीत ठेवला असता तर पलीकडच्या खोऱ्यातल्या गावात पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या असत्या.

याच सुमारास भारतात दुसरा एक ट्रान्समीटर वापरात होता आणि त्याची शक्ती पीजपेक्षाही कमी होती: ८० वॉट. तो जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावर होता. त्याला ९ मीटर व्यासाची अँटेना होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात त्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना टीव्ही दाखवला. हाच तो प्रसिद्ध 'साइट' प्रयोग. म्हणजे ८० वॉटवाला अर्ध्या देशापर्यंत पोचत होता आणि १,००० वॉटवाला एका जिल्ह्यापुरता होता. शक्तीवरून पोच ठरत नाही, आणि 'स्थानिक'पणा तर मुळीच ठरत नाही. हे वाक्य सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण तक्त्यांमध्ये ट्रान्समीटरचं वर्गीकरण नेहमी वॉटवरून केलेलं मिळतं आणि आपण नकळत त्याच रकान्यांतून विचार करायला लागतो.

साइट आणि पीज यांचा जन्म एकाच विचारातून झाला. विक्रम साराभाईंचं म्हणणं होतं की टीव्ही आधी शहरात येऊन मग हळूहळू खेड्यात जायला नको. तो आधी खेड्यात जावा, कारण शिक्षण, शेती, आरोग्य यांसाठी त्याची गरज तिथे जास्त आहे. १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात साइटचा करार झाला. १९७१ च्या शेवटी साराभाई गेले, पण काम चालू राहिलं. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये यशपाल संचालक होते आणि साइटची धुरा एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होती. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. पुढे १९८१ ते १९८५ ते याच केंद्राचे संचालक होते. आपल्याकडे त्यांचं नाव थुंब्याच्या संदर्भात घेतलं जातं, टीव्हीच्या संदर्भात फारसं नाही.

साइटच्या सहा राज्यांत गुजरात नव्हतं. खेडा त्याला जोडून, पण वेगळ्या रचनेने चाललं. साइटच्या गावांत जाळीच्या तीन मीटरच्या अँटेना लावून थेट उपग्रहाकडून चित्र घ्यावं लागे. खेड्यात पीजच्या मनोऱ्यावरून साध्या टीव्हीवर चित्र येई. कार्यक्रम अहमदाबादच्या स्टुडिओत तयार व्हायचे आणि मायक्रोवेव्हने सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या पीजला जायचे. साइटच्या वर्षात पीजवरून उपग्रहाचा कार्यक्रमही पुन्हा प्रक्षेपित होत असे.

ठरलेलं वर्ष संपलं आणि एटीएस-६ परत गेला. उपग्रह अमेरिकेचा होता, तो त्यांना हवा होता. साइटच्या गावांतल्या त्या जाळीच्या अँटेना एका दिवसात निरुपयोगी झाल्या. पुढे १९७७ पासून जयपूर, रायपूर, गुलबर्गा, संबलपूर, मुझफ्फरपूर, हैदराबाद इथून जमिनीवरचे ट्रान्समीटर सुरू करून त्यातली काही गावं पुन्हा जोडली गेली. पीज मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. उपग्रहाचं वर्षभराचं प्रात्यक्षिक जगभर गाजलं, आणि त्याच्या सावलीतला छोटा मनोरा आणखी नऊ वर्षं चालला. संशोधनाच्या दृष्टीने मला ही नऊ वर्षं जास्त मोलाची वाटतात. एका वर्षाच्या प्रयोगात नव्याची नवलाई मोजली जाते. साइटच्या गावांतही पहिल्या दिवसांतली शेकड्यांची गर्दी नंतर ओसरली आणि एका संचासमोर सरासरी शंभराच्या आसपास माणसं राहिली. रोजची सवय लागल्यावर टीव्हीचं गावात काय होतं, हे बघायला जास्त काळ लागतो, आणि तो काळ फक्त खेड्याला मिळाला.

खेडाच का? अहमदाबाद जवळ होतं, हे एक. दुसरं कारण दूध. १९४६ पासून या जिल्ह्यात सहकारी दूध संघ उभा राहिला होता. आणंदचा 'अमूल' तो हाच (आणंद तेव्हा खेडा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १९९७ मध्ये झाला). गावोगाव दूध मंडळी, तिची इमारत, तिचा हिशेब ठेवणारा माणूस, आणि सकाळ-संध्याकाळ तिथे येणारे लोक. सामुदायिक टीव्ही ठेवायला याहून चांगली जागा कुठली? संचाला कुलूप लावणारा, वेळेवर चालू करणारा आणि बिघडला तर कळवणारा कुणीतरी लागतो. टीव्हीच्या इतिहासात या माणसाबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण प्रयोग चालतो की नाही हे बऱ्याचदा त्याच्यावर ठरतं.

पण हीच जागा एक प्रश्नही उभा करते. चरोतरात जमीन आणि सहकार यांवर पाटीदार समाजाचं वजन होतं. भूमिहीन मजूर मोठ्या प्रमाणात इतर जातींचे. इमारत मंडळीची असेल तर तिथे कोण सहज जाऊन बसतं, कोण दारात उभं राहतं, बायका येतात का, आल्या तर कुठल्या घरच्या? 'गावात संच आहे' आणि 'गाव टीव्ही बघतं' या दोन विधानांमध्ये हे सगळं अंतर आहे.

खेड्याच्या निर्मात्यांना याची जाणीव होती, आणि म्हणूनच त्यांचे कार्यक्रम नुसत्या शेतीच्या सल्ल्यावर थांबले नाहीत. 'चतुर मोटा' ही मालिका हुंडा आणि विधवाविवाह यांवर होती. कुटुंबनियोजनावरच्या मालिकेचं नाव होतं 'हूं ने मारा ए', म्हणजे 'मी आणि माझे हे'. नवऱ्याचं नाव न घेता 'आमचे हे' म्हणण्याची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे या शीर्षकातली गंमत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सरकारी पुस्तिकेची भाषा सोडून घरातली भाषा पडद्यावर आणली की काय होतं, ते या एका नावात दिसतं.

'दाद फरियाद' त्याहून धाडसी. लोकांच्या तक्रारी घ्यायच्या आणि त्या संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या. हे शब्द आपल्यालाही परके नाहीत, आपण दाद मागतो आणि फिर्याद करतो. आज प्रत्येक वृत्तवाहिनीवर असले कार्यक्रम असतात, म्हणून त्याचं वेगळेपण चटकन लक्षात येत नाही. पण काळ बघा. टीव्ही पूर्णपणे सरकारचा, आणि पीज सुरू झालं तेव्हा देशात आणीबाणी होती. सरकारी पैशाच्या, सरकारी माणसांनी चालवलेल्या केंद्रावरून गावातला माणूस सरकारी यंत्रणेबद्दल तक्रार करतो, ही गोष्ट दिल्लीच्या पडद्यावर त्या वर्षांत दिसण्यासारखी नव्हती. जिल्ह्यापुरतं केंद्र असल्याने ते शक्य झालं. तक्रार ज्या कार्यालयाबद्दल असेल, ते कार्यालय प्रेक्षकांना माहीत होतं आणि साहेबालाही प्रेक्षक माहीत होते.

'हवे न सहेवां पाप' ही मालिका आणखी पुढे गेली. नावाचा अर्थ 'आता हे पाप सहन करायचं नाही'. मजुरांच्या पिळवणुकीवर ती होती. ज्या मंडळीच्या आवारात संच ठेवलेला, त्याच गावातल्या जमीनमालकांबद्दल त्याच संचावरून बोललं जात होतं. राष्ट्रीय वाहिनीवर 'जमीनदार' ही एक कल्पना असते. इथे तो शेजारी बसून टीव्ही बघत असू शकतो.

हे सगळं हवेतून झालं नाही. खेड्याच्या कामात निर्मात्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ होते. विषय निवडण्याआधी गावात जाऊन माहिती घ्यायची, संहितेची कल्पना लोकांसमोर तपासून बघायची, प्रक्षेपणानंतर पुन्हा जाऊन लोकांना काय कळलं ते विचारायचं, अशी पद्धत होती. हलका व्हिडिओ कॅमेरा घेऊन गावातच चित्रण व्हायचं. आज तुम्ही ज्याला पायलट स्टडी आणि फीडबॅक म्हणता, ते इथे कार्यक्रमनिर्मितीचाच भाग होतं. पण संशोधनात उतरताना एक सावधगिरी घ्या. त्या काळातला बराच अभ्यास प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेनेच केलेला आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, मात्र त्यात विचारलेले प्रश्न प्रकल्पाचे असतात: माहिती वाढली का, दृष्टिकोन बदलला का. गावाला टीव्हीकडून काय हवं होतं, हा प्रश्न त्या तक्त्यांत क्वचित सापडतो.

आणि 'स्थानिक' म्हणजे नक्की किती स्थानिक? मनोरा पीजला, स्टुडिओ अहमदाबादला. निर्माते शिकलेले, शहरातले. खेड्याचं कौतुक करणाऱ्या लेखनात हा मुद्दा हळूच बाजूला ठेवला जातो. मला स्वतःला त्याने खेड्याची किंमत कमी झालेली वाटत नाही. कार्यक्रम कुठे रेकॉर्ड झाला यापेक्षा, तो कुणासाठी आहे आणि तो बदलायचा निर्णय कोण, किती अंतरावरून घेतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पन्नास किलोमीटरवरून निर्मात्याला जीपने गावात जाऊन येता येतं. दिल्लीहून येता येत नाही.

आता दिल्लीकडे वळू. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत प्रक्षेपणही आलं. नोव्हेंबरात आशियाई खेळ. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये दूरदर्शनने ट्रान्समीटर उभारण्याचा असा सपाटा लावला की काही महिने सरासरी रोज एक नवा ट्रान्समीटर सुरू होत होता. यातले बहुतेक १०० वॉटचे. यांनाच सरकारी भाषेत 'लो पॉवर ट्रान्समीटर', एलपीटी म्हणतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी टीव्ही आला तो यांच्यामुळेच. गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा आणि खालून 'आलं, आलं, गेलं!' ओरडणारा, ही जोडी त्याच काळातली.

पीजच्या एक दशांश शक्तीचे हे ट्रान्समीटर. त्यांची पोच एका शहरापुरती. वॉटच्या हिशेबाने हे पीजपेक्षाही जास्त 'लोकल' ठरायला हवेत. पण त्यांना स्टुडिओ नव्हता. उपग्रहावरून दिल्लीचं चित्र घ्यायचं आणि गावावर सोडायचं, एवढंच काम. सुरुवातीच्या काळात तर महाराष्ट्रातल्या एलपीटीवर मुंबईचे मराठी कार्यक्रमही दिसत नसत. ते उपग्रहावरून राज्यभर नेण्याची सोय नंतर आली. गावाच्या टेकडीवर उभा असलेला, गावाचं नाव असलेला, पण गावाबद्दल एकही शब्द न बोलणारा मनोरा. कागदावर मात्र तो आणि पीज एकाच यादीत येतात.

अमेरिकेत हा फरक नियमांतच केलेला आहे. दुर्गम भागांत मोठ्या केंद्राचं चित्र पुन्हा सोडणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरना तिथे 'ट्रान्सलेटर' म्हणतात. १९८२ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने 'लो पॉवर टेलिव्हिजन' हा वेगळा वर्ग केला आणि त्याला स्वतःचे कार्यक्रम दाखवण्याची मुभा दिली. शक्ती तेवढीच, हक्क वेगळा. त्यानंतर दोनच वर्षांनी आपण 'लो पॉवर' हेच नाव वापरलं, आणि तेही ट्रान्सलेटरच्या कामासाठी. शब्द सारखा दिसला म्हणून तुलना करायला गेलात तर इथे पाय घसरतो.

या विस्ताराबद्दल त्याच वेळी शंका घेतली गेली होती. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी १९८२ च्या अखेरीस अर्थशास्त्रज्ञ पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. 'ॲन इंडियन पर्सनॅलिटी फॉर टेलिव्हिजन' या नावाने त्याचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. यंत्रं वेगाने वाढताहेत आणि कार्यक्रमांचा विचार मागे पडतोय, हे त्याचं मुख्य दुखणं होतं. संशोधनाच्या मुलाखतीला जाताना हा अहवाल वाचूनच जा. भाषा सरकारी आहे, पण राग लपत नाही.

याच सुमाराला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, खेडा प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि याच सुमाराला पीजचा ट्रान्समीटर हलवायचं ठरलं. मद्रासला दुसरी वाहिनी सुरू करायची होती, तिच्यासाठी ट्रान्समीटर हवा होता. खेड्यातल्या लोकांनी विरोध केला, तरी १९८५ मध्ये तो गेलाच.

या निर्णयामागे कुणी खलनायक शोधू नका, निदान शोधनिबंधात तरी. नकाशा समोर ठेवला तर निर्णय बरोबर दिसतो. अहमदाबादहून जास्त शक्तीचं प्रक्षेपण उपलब्ध झालं होतं आणि खेडा जिल्हा त्याच्या वर्तुळात येत होता. एकाच भागावर दोन ट्रान्समीटर कशाला? 'कव्हरेज' म्हणजे सिग्नल पोचतो त्या भागात राहणाऱ्या लोकांची टक्केवारी. १९८४ च्या मोहिमेनंतर देशासाठी हा आकडा निम्म्याच्या आसपास गेला आणि तो अभिमानाने सांगितला जाई. पीज बंद झाल्याने तो आकडा कमी झाला नाही. मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीमुळे दूरदर्शनचं काम वाढलं, खेड्यात चित्र येतच राहिलं, आणि जाहिराती नसलेलं एक केंद्र बंद होऊन महानगरात नवं सुरू झालं. मोजण्याच्या प्रत्येक रकान्यात फायदा दिसतो. तोटा ज्या रकान्यात दिसला असता, तो रकाना तक्त्यात नव्हताच.

अलीकडच्या काळात दूरदर्शनने जमिनीवरचं ॲनालॉग प्रक्षेपण जवळजवळ सगळं आवरतं घेतलं. १९८४ चे ते मनोरे आता एकतर उतरवले आहेत किंवा नुसते उभे आहेत. त्यांच्यावर काम करायचं असेल तर कव्हरेजचे तक्ते सहज मिळतील, पण सुरुवात तिथून करू नका. वॉट, उंची, किलोमीटर हे रकाने भरून झाले की शेजारी आणखी दोन काढा: इथून स्वतःचा कार्यक्रम सोडता येत होता का, आणि तो बदलायचा निर्णय किती किलोमीटरवर होत होता. आपल्या जिल्ह्यातला एखादा एलपीटी घ्या आणि तिथे काम केलेल्या तंत्रज्ञाला गाठा. ही पिढी आता निवृत्त झाली आहे. पहिला प्रश्न हा विचारा की, दिल्लीचं चित्र गेलं की तुम्ही पडद्यावर काय दाखवायचात?